व्हिडिओ लागत नाही

कॅमेऱ्यातला व्हिडिओ कॉम्प्युटरवर लागत नाही, ही तक्रार कॅसेटच्या जमान्यात जवळजवळ नव्हती. मिनी डीव्ही कॅसेट १९९५मध्ये बाजारात आली आणि पुढच्या आठ-दहा वर्षांत आपल्याकडच्या लग्नांत तिनं व्हीएचएसला मागे सारलं. मिक्सिंगच्या, म्हणजे व्हिडिओ संपादनाच्या, धंद्यातलं आमचं काम तेव्हा सरळ होतं. फायरवायरची केबल लावायची आणि तासाभराची कॅसेट तासभर बसून कॅप्चर करायची. तासाला सुमारे १३ जीबी जागा लागे. विंडोज ९८च्या मशीनवर हार्ड डिस्क फॅट-३२ पद्धतीची असे, तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नसे, म्हणून एकोणीसेक मिनिटांनी फाइल तोडावी लागे. पण जे उतरायचं ते बहुतेक मशीनवर लागायचं. हार्ड डिस्क गेलीच, तर कॅसेट कपाटात असायची. मूळ चित्रण हातात राहण्याची ही सोय पुढच्या सगळ्या सुधारणांत हळूहळू सुटत गेली आणि बहुतेक नुकसान तिथूनच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मधल्या काळात लहान डीव्हीडीवर चित्रण करणारे हँडीकॅम आले. आठ सेंटिमीटरची ती तबकडी, १.४ जीबीची. चित्रण संपल्यावर ती कॅमेऱ्यातच 'फायनलाइझ' करावी लागे. ते केलं नाही, तर कॉम्प्युटरला तबकडी कोरी दिसे. कॅमेरा विकून टाकल्यावर अशा तबकड्या घेऊन येणाऱ्या घरांना बरीच वणवण करावी लागली, कारण त्या फायनलाइझ करायला तसाच कॅमेरा शोधणं आलं.

खरी गडबड सुरू झाली ती २००६पासून. सोनी आणि पॅनासॉनिकनं मिळून एव्हीसीएचडी हा प्रकार आणला आणि चित्रण मेमरी कार्डावर जाऊ लागलं. आत चित्र एच.२६४ पद्धतीनं दाबलेलं, आवाज डॉल्बीचा, आणि फाइलच्या नावापुढे एमटीएस. एच.२६४चं प्रमाण ठरलं २००३मध्ये, आणि घराघरात असलेली विंडोज एक्सपी त्याच्या आधीची, २००१ची. तिच्याकडे हे चित्र उलगडण्याची सोयच नव्हती. कुठून तरी कोडेक, म्हणजे ही सोय करणारं सॉफ्टवेअर, आणून बसवला, तरी पेंटियम मशीनला फुल एचडी झेपत नसे. चित्र अडखळत चाले नाहीतर आवाज गायब असे. "दादा, फाइल दिसतेय, पण लागत नाही," हे वाक्य दुकानात रोज ऐकू येऊ लागलं ते तेव्हापासून.

लोकांनी उपायही स्वतःचे शोधले. एमटीएस पुसून तिथे एव्हीआय लिहायचं, हा त्यातला सगळ्यात लोकप्रिय. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतली भाजी बदलत नाही, हे समजावून सांगताना घसा कोरडा पडायचा. दुसरा उपाय कोडेक पॅकचा. एकानं काम झालं नाही की दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी ते एकमेकांच्या पायात येऊन आधी लागणाऱ्या फाइलीही बंद पडायच्या.

त्याहून मोठं नुकसान व्हायचं कार्डावरून फाइल उचलताना. एव्हीसीएचडीच्या कार्डात फोल्डरमध्ये फोल्डर असतात : प्रायव्हेट, त्यात एव्हीसीएचडी, त्यात बीडीएमव्ही, त्यात स्ट्रीम. चित्र असतं शेवटच्या फोल्डरात, म्हणून लोक तेवढंच उचलत आणि बाकीचं फालतू समजून पुसून टाकत. पण लांब चित्रण कॅमेरा आपणहून २ किंवा ४ जीबीच्या तुकड्यांत तोडतो आणि कुठला तुकडा कुणाच्या मागे जोडायचा याची नोंद त्या 'फालतू' फोल्डरांत असते. मंगलाष्टकं चालू असताना तुकडा पडला आणि दोन्ही भाग मिक्सिंगमध्ये नुसते शेजारी ठेवले, की जोडावर आवाज क्षणभर तुटतो. भटजी 'सावधान' म्हणताहेत आणि मधलं अक्षर नाही. त्यावर जुन्या डॉसची एक आज्ञा उत्तम चालायची : कॉपी, तिरकी रेघ, बी, आणि दोन्ही फाइलींची नावं मधे अधिकचं चिन्ह घालून. तुकडे टोकाला टोक लावून जोडले जात आणि आवाज सलग येई. एमपी४ फाइलींना मात्र ही युक्ती लागू पडत नाही.

या सगळ्यात कुणाचे आभार मानायचे, तर व्हीएलसीचे. पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी १९९६मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प २००१मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. नारिंगी शंकूचं ते चित्र आज शाळकरी पोरही ओळखतं. त्याचं यश सोप्या कारणात आहे. विंडोजमध्ये कोणता कोडेक आहे, याची तो वाट बघत नाही, आपली सामग्री बरोबर घेऊन येतो. त्याच्या पोटात फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेल्या एफएफएमपेगचं काम आहे. पैशाची अपेक्षा न ठेवता या मंडळींनी जे केलं, त्यावर आमच्यासारख्यांचे कितीतरी दिवस निभावले. विंडोज ७ आली २००९मध्ये, तिच्यात एच.२६४ची सोय मुळातच होती, आणि तक्रारी बऱ्याच कमी झाल्या.

पण थोड्याच काळासाठी. २००८मध्येच कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू हा कॅमेरा आला होता आणि आता फोटोग्राफरच व्हिडिओ काढू लागले. त्याच्या एमओव्ही फाइलींसाठी विंडोजवर बऱ्याचदा क्विकटाइम घालावं लागे. २०१६च्या एप्रिलमध्ये अॅपलनं विंडोजवरच्या क्विकटाइमची देखभाल थांबवल्याचं कळलं आणि सुरक्षेसाठी ते काढून टाका, असा सल्ला अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेनं दिला. मिक्सिंगची कित्येक सॉफ्टवेअर तोवर त्याच्यावर अवलंबून होती.

मग २०१७ साली आयओएस ११ बरोबर आयफोन एचईव्हीसी पद्धतीनं चित्रण करू लागले. जवळपास तोच दर्जा आणि फाइल निम्म्याच्या आसपास, ही त्याची खरीखुरी करामत. पण त्याची पेटंटं अनेकांकडे विखुरलेली, परवान्याचे गट एकाहून जास्त. ओझं शेवटी गिऱ्हाइकावर आलं. विकत घेतलेल्या विंडोज १०वर भाचीच्या बारशाचा व्हिडिओ उघडावा, तर आवाज येतो, पडदा काळा, आणि वर एक्स्टेन्शन विकत घ्या अशी सूचना. रक्कम किरकोळ होती. तरी स्वतःच्या घरचं चित्रण बघण्यासाठी माणसाला दारात थांबवणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. आयफोनवरून केबलनं व्हिडिओ घेताना मधेच 'उपकरण काम करत नाही' असा संदेश यायचा, त्याचंही कारण एचईव्हीसीच. फोन पाठवता पाठवता फाइल जुन्या पद्धतीत बदलायला जायचा आणि अडकायचा. फोटोच्या सेटिंगमध्ये 'कीप ओरिजिनल्स' केलं की काम फत्ते.

इथवरच्या बहुतेक प्रकारांत फाइल शाबूत असते, वाचणारा कमी पडतो. दुसरा प्रकार असतो फाइल अर्धवट राहिल्याचा, आणि तो ओळखता येणं फार महत्त्वाचं. विधी लांबतो, बॅटरी संपते किंवा लाल दिवा लुकलुकत असतानाच कोणीतरी कार्ड उपसतं. घरी बघावं तर फाइल ३ जीबीची, पण व्हीएलसीतही लागत नाही. अशी फाइल आतली अक्षरं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, की सुरुवातीला चार अक्षरं दिसतात, एफटीवायपी. पुढे एमडीएटी, आणि त्यानंतर चित्र-आवाजाचा अफाट ऐवज. एमओओव्ही ही चार अक्षरं मात्र शोधून सापडत नाहीत. कोणती फ्रेम कुठून सुरू होते, चित्र कोणत्या पद्धतीनं दाबलंय, याची अनुक्रमणिका त्या भागात असते, आणि बहुतेक कॅमेरे ती चित्रण थांबवताना सगळ्यात शेवटी लिहितात. वीज गेली, अनुक्रमणिका राहून गेली.

ती परत बांधता येते. त्याच कॅमेऱ्यानं, त्याच सेटिंगवर काढलेली एखादी चांगली फाइल लागते. अनट्रंकसारखं मोफत सॉफ्टवेअर त्या चांगल्या फाइलीवरून घडण समजून घेतं आणि अर्धवट फाइलीतल्या फ्रेमा ओळखत यादी नव्यानं तयार करतं. म्हणून असं काही घेऊन आलेल्याला माझा पहिला प्रश्न ठरलेला : "कॅमेरा कुठाय? आणि कार्डावर नंतर काही काढलं नाहीस ना?"

त्या दुसऱ्या प्रश्नामागे फार दुखणं आहे, कारण मूळ चित्रण आपल्याच हातानं घालवलेलं मी पाहिलंय. २००९मध्ये एसडीएक्ससी कार्डांचं प्रमाण आलं. त्यांची मांडणी एक्सफॅटची, आणि वेगळं अपडेट टाकलेलं नसेल तर विंडोज एक्सपीला ती वाचता येत नसे. कार्ड घालताच एक्सपी विचारायची, फॉरमॅट करायचं का? भांबावलेला माणूस 'होय' दाबायचा. कार्ड चांगलं, फाइल चांगली, चित्रण गेलं. तसंच कन्व्हर्टरचं. मिळेल तो कन्व्हर्टर उतरवायचा, लहानशी एमपी४ करायची आणि 'आता लागतोय' म्हणून मूळ फाइल पुसायची. आज मोठ्या टीव्हीवर त्या प्रतींतले चेहरे चौकोनी ठिपक्यांत फुटतात आणि परत जायला मूळ उरलेलं नाही.

गेल्या पाच-सहा वर्षांत कॅमेरे पुन्हा पुढे गेलेत. २०२०च्या सुमारास १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी चित्रण हौशी हातांतही आलं. ते कोऱ्या महागड्या मशीनवरही अडखळू शकतं, कारण या प्रकाराची सोय बऱ्याच ग्राफिक्स कार्डांत नव्हती. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या चिपांत ती होती, एनव्हिडियाच्या कार्डांत २०२५च्या ५० मालिकेपासून आली. तोवर प्रॉक्सी, म्हणजे कामापुरती हलकी प्रत, करून मिक्सिंग करायचं आणि शेवटी मूळ फाइल जोडायची, हाच रस्ता.

आता नवीन फाइल आली, की मी ती चालवून बघण्याआधी मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये टाकतो. कोणत्या पद्धतीचं चित्र, किती बिट, आवाज कसला, हे एका नजरेत कळतं आणि निम्मी धावपळ वाचते. काम संपल्यावर घरच्यांना हार्ड डिस्क देतो, तिच्यात दोन फोल्डर असतात. एकात कुठेही लागेल अशी साधी एच.२६४ एमपी४. दुसऱ्यात कार्ड जसंच्या तसं, आतल्या सगळ्या फोल्डरांसकट. दुसरा उघडत नाही म्हणून पुसू नका, हे मी वरच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहितो आणि देताना तोंडानंही सांगतो.