शेहेचाळीसच्या वर

मोखाड्याच्या बाजूला एका पाड्यात पिठाची गिरणी कधी सुरू करायची हे एक बाई ठरवते, असं एका अभियंत्याने सांगितलं होतं. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात विजेची मागणी आणि पुरवठा जुळवायचं जे काम चालतं, तेच ती तीसेक घरांच्या सौर जाळ्यासाठी करते, असंही तो म्हणाला. म्हणून गेलो.

पत्र्याच्या खोलीचं दार उघडताच नाकाला झोंबणारा वास आला. ऊन भरात असलं की बॅटऱ्या उकळायला लागतात, त्याचा. ताईंनी आधी खिडकी उघडली. या वेळी हायड्रोजन सुटतो, ठिणगी नको. २ व्होल्टचे २४ सेल, म्हणजे ४८ व्होल्ट. हायड्रोमीटरने आम्लाची घनता बघून त्यांनी वहीत लिहिली, जिथे पातळी उतरली होती तिथे डिस्टिल्ड वॉटर घातलं. “शेहेचाळीसच्या खाली जाऊ द्यायचं नाय,” त्या म्हणाल्या. रोज खोलवर उपसलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ते मग सुटत नाही.

राज्याच्या जाळ्यात कोयनेपासून चंद्रपूरपर्यंतची अवजड जनित्रं एका लयीत फिरत असतात. भार अचानक वाढला तर पहिला धक्का ते फिरतं वजनच सोसतं, वारंवारता ५० हर्ट्झवरून जराशी घसरते आणि सावरायला काही सेकंद मिळतात. तरीही ३० आणि ३१ जुलै २०१२ला उत्तर भारताचं जाळं कोसळलंच. इथे तर फिरणारं काहीच नाही. गिरणीची दोन अश्वशक्तीची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. त्याच क्षणी घराघरांत दिवे-टीव्ही चालू असले, तर पाच किलोवॉटचा इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद होतो आणि सगळा पाडा अंधारात.

दुपारी उलटी अडचण. बॅटऱ्या भरलेल्या, ऊन भरपूर, वापर नाही. मग मुख्य इन्व्हर्टर वारंवारता मुद्दाम थोडी चढवतो, आणि तो इशारा ओळखून पॅनेलांकडचे इन्व्हर्टर हात आखडता घेतात. फुकट जाणारं ते ऊन ताईंना बघवत नाही. मग एखाद्या पोराला पिटाळतात: “सांग सगळ्यांना, दळण आणा.”

संध्याकाळी नाचणीचं पोतं घेऊन एक मुलगा आला. त्यांच्या दिराचाच.

“काकी, एवढंच दळून दे.”

“आकडा वाच.”

“सत्तेचाळीस पॉइंट एक.”

“मग? उद्या अकराला ये, पहिला नंबर तुझा.”

मुलगा पाय आपटत गेला. सासरच्या माणसांना रोज नाही म्हणायचं आणि उद्या पुन्हा त्यांच्याच विहिरीवर पाणी भरायचं, हे या कामातलं सगळ्यात कठीण काम. जाळं स्थिर राहतं ते निम्मं त्या नकारावर, अशी माझी खात्री झाली आहे. ऐरोलीतल्या खुर्चीला वेतनश्रेणी आहे. ताईंना पाड्याचं जाळं चालवणाऱ्या समितीकडून नाममात्र मानधन मिळतं.

बिहारमधल्या धरनईत २०१४ साली १०० किलोवॉटचं सौर जाळं गाजावाजाने सुरू झालं. पुढे बॅटऱ्या संपल्या आणि ते बंद पडलं. इथली समिती दर महिन्याच्या वसुलीतून बॅटऱ्यांसाठी वेगळे पैसे ठेवते. मानधन मात्र सुरुवातीपासून तेवढंच. पुढच्या बैठकीत बोलणार का, असं विचारलं.

“आधी बॅटऱ्यांचं होऊ दे,” ताई म्हणाल्या आणि वहीत रात्रीचा आकडा लिहिला: ४६.४.