अर्जाच्या पोटी अर्ज

शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जात पत्त्याचा वेगळा अर्ज घालावा, असे नवशिक्या प्रोग्रॅमरला सहज वाटते. परंतु एचटीएमएलला अर्जात अर्ज मान्य नाही. पान वाचताना ब्राउझर आतल्या अर्जाच्या आरंभाची खूण वगळतो. त्याच्या समाप्तीची खूण दिसताच मात्र बाहेरचाच अर्ज मिटवतो. मग पुढचे रकाने उघड्यावर पडतात. उत्पन्नाचा आकडा भरलेला दिसतो, पण पोहोचत नाही!

‘अँग्युलर’मध्ये यावर उपाय सोपा आहे. अर्ज एकच ठेवावा आणि पत्त्याचा ‘फॉर्मग्रुप’ मुख्य ‘फॉर्मग्रुप’मध्ये गुंफावा. पिनकोडला सहा अंकांची अट घातली असेल, तर पाचच अंक भरल्यास पत्त्याचा गट अवैध ठरतो आणि त्याबरोबर संपूर्ण अर्जही. अडलेला अर्ज दुरुस्त करता येतो; अर्धवट पोहोचलेला मात्र विद्यार्थ्याचे वर्ष घालवू शकतो.