जास्तीच्या शक्तीचे मोल : महाग मोटारीचे भौतिकशास्त्र आणि हिशेब

एकाच नावाच्या दोन मोटारी, बाहेरून जवळपास सारख्या, बसण्याची आणि सामानाची जागाही तेवढीच, आणि तरीही दोघींच्या किमतींत काही लाखांचे अंतर, ही गोष्ट भारतीय बाजारात आता नित्याची झाली आहे. या अंतराचा मोठा भाग इंजिनाच्या शक्तीसाठी मोजला जातो. उरलेला भाग कडक सस्पेन्शन, रुंद टायर, लाल शिलाईची आसने आणि मागे लावलेले वेगळे नामचिन्ह यांचा असतो. नांदेड किंवा लातूरसारख्या शहरातील कुटुंबासमोर अशा दोन मोटारींतून एक निवडण्याची वेळ येते तेव्हा निर्णय बहुधा शोरूममधील पाच मिनिटांच्या फेरीवर आणि नातेवाइकांच्या मतांवर ठरतो. वस्तुतः हा प्रश्न बऱ्याच अंशी मोजता येण्याजोगा आहे आणि त्याचे उत्तर मोटारीच्या माहितीपत्रकापेक्षा ती ज्या रस्त्यांवर धावणार आहे त्यांच्यावर अधिक अवलंबून आहे.

उदाहरण म्हणून ह्युंदाईच्या ‘क्रेटा’ या मोटारीची दोन पेट्रोल इंजिने घेता येतील. पहिले १४९७ घन सेंटिमीटरचे साधे इंजिन ११५ अश्वशक्ती आणि सुमारे १४४ न्यूटन-मीटर टॉर्क देते. दुसरे १४८२ घन सेंटिमीटरचे टर्बो इंजिन १६० अश्वशक्ती आणि २५३ न्यूटन-मीटर टॉर्क देते, आणि मार्च २०२४ मध्ये बाजारात आलेल्या ‘एन लाइन’ या आवृत्तीत हेच इंजिन आहे. दोन्ही इंजिनांचे आकारमान जवळपास समान असूनही शक्तीत एवढा फरक का पडतो, हे समजले की पुढचा हिशेब सोपा होतो.

टॉर्क, अश्वशक्ती आणि टर्बो

टॉर्क म्हणजे इंजिनाच्या दांड्याला फिरवणारा जोर, तर शक्ती म्हणजे तो जोर ज्या गतीने काम करतो तिचे माप. म्हणूनच टॉर्क आणि दांड्याच्या फेऱ्यांची गती यांचा गुणाकार केला की शक्ती मिळते. साध्या इंजिनात सिलिंडर बाहेरची हवा स्वतःच ओढून घेतो, त्यामुळे प्रत्येक फेरीत जळू शकणाऱ्या इंधनाला मर्यादा पडते. टर्बो इंजिनात एक्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर एक लहान चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्यांच्या गतीने फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक प्राणवायू मावतो आणि अधिक इंधन जाळता येते.

माहितीपत्रकात छापलेली अश्वशक्ती ही इंजिनाची कमाल क्षमता असते आणि ती साध्या इंजिनात मिनिटाला सुमारे ६३०० फेऱ्यांना, तर टर्बोत ५५०० फेऱ्यांना मिळते. रोजच्या वापरात मात्र इंजिन बहुतेक वेळ २००० फेऱ्यांच्या आसपास फिरत असते. उल्लेखिलेले टर्बो इंजिन १५०० ते ३५०० फेऱ्यांच्या पट्ट्यात आपला पूर्ण टॉर्क देत असल्याने २००० फेऱ्यांना त्याच्याकडे सुमारे ७२ अश्वशक्ती उपलब्ध असते. साध्या इंजिनाने त्याच फेऱ्यांना आपला सर्वाधिक टॉर्क दिला असे मानले, जे प्रत्यक्षात होत नाही, तरी हिशेब ४१ अश्वशक्तीच्या पुढे जात नाही. कागदावर सुमारे ४० टक्क्यांचा दिसणारा फरक नेहमीच्या वापराच्या पट्ट्यात ७५ टक्क्यांहून मोठा होतो आणि शोरूमच्या फेरीत पायाखाली जाणवतो तो हाच. साध्या इंजिनाचा चालक गिअर खाली घेऊन, फेऱ्या वाढवून, या फरकाचा मोठा भाग भरून काढू शकतो. म्हणजेच जास्तीच्या किमतीचा काही हिस्सा वेगापेक्षा विनासायासपणासाठी दिला जातो.

बालाघाटची उंची आणि मराठवाड्याचा उन्हाळा

या तुलनेत स्थानिक हवामानाचाही वाटा आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. इंजिनाची शक्ती २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९९ किलोपास्कल हवेचा दाब या प्रमाणित स्थितीला नोंदवली जाते. बालाघाटच्या पठारावरील लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंचीवर आहे, तेथे हवेचा दाब ९४ किलोपास्कलच्या आसपास भरतो आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंशांवर जाते. दाब घटला आणि तापमान वाढले की हवा विरळ होते, त्यामुळे अशा दुपारी साध्या इंजिनाची शक्ती सुमारे दहा टक्क्यांनी घटते आणि ११५ अश्वशक्तीचे इंजिन व्यवहारात १०४ अश्वशक्तीचे उरते. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात, सुमारे ३६० मीटर उंचीवर असल्याने तेथे उंचीचा परिणाम कमी असला तरी उन्हाचा तेवढाच असतो. टर्बो इंजिन हवा दाबूनच घेत असल्याने विरळ हवेची बरीचशी भरपाई करू शकते. मात्र दाबलेली हवा आणखी तापते, ती थंड करणाऱ्या इंटरकूलरलाही बाहेर उकळती हवाच मिळते आणि इंधन अवेळी पेटण्याचा, म्हणजे नॉकिंगचा, धोका दिसताच इंजिनाचा संगणक शक्ती थोडी आवरती घेतो.

इंधनाचा मुद्दाही याला जोडून येतो. पंपावर आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि लातूर परिसरातील ऊस व साखर कारखाने यांचा या इंधनाशी थेट संबंध आहे. इथेनॉलचा ऑक्टेन क्रमांक, म्हणजे नॉकिंगला रोखण्याची क्षमता, जास्त असल्याने ते टर्बो इंजिनाला मानवते, परंतु त्याच्या एका लिटरमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्याने अशा मिश्रणाच्या प्रत्येक लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते. ही घट दोन्ही इंजिनांना सारखीच लागू पडते.

नांदेड-लातूर रस्त्यावरची शक्ती

तुळजापूरहून निघून लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा पुढे विदर्भात जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ हा या दोन शहरांमधला मुख्य दुवा आहे आणि त्यावरून दोन्ही शहरांतील अंतर सुमारे १४० किलोमीटर पडते. माणसांसह १४०० किलो भरणाऱ्या उंच बांध्याच्या मोटारीला सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरचा वेग कायम राखण्यासाठी किती शक्ती लागते, हा येथे पहिला प्रश्न आहे. हवेचा विरोध सुमारे ३६० न्यूटन आणि टायरांच्या घरंगळण्याचा विरोध सुमारे १६५ न्यूटन धरला तर उत्तर येते केवळ २० अश्वशक्ती. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने ताशी १२० किलोमीटरला, म्हणजे समृद्धी महामार्गावरील कमाल मर्यादेला, हा आकडा ३१ पर्यंत जातो. वातानुकूलन आणि गिअरमधील घट मिळवली तरी ११५ अश्वशक्तीच्या मोटारीकडे भरपूर शक्ती शिल्लक राहते, त्यामुळे कायदेशीर वेगाने चालत राहण्यासाठी महाग इंजिनाची गरज नाही, हे निःशंकपणे म्हणता येते.

खरी परीक्षा होते ती वेग वाढवताना, आणि तालुक्यांना जोडणाऱ्या दुपदरी रस्त्यांवर ट्रक मागे टाकताना. ताशी ६० वरून ९० किलोमीटरवर जाण्यासाठी १४०० किलोच्या मोटारीला सुमारे २४३ किलोज्यूल गतिज ऊर्जा मिळवावी लागते. योग्य गिअरमध्ये साध्या इंजिनाकडून वेगवाढीसाठी सरासरी ५० किलोवॉट आणि टर्बोकडून ७५ किलोवॉट मिळतात असे गृहीत धरले, तर हे काम अनुक्रमे ४.९ आणि ३.२ सेकंदांत होते. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या ट्रकला, पुढे-मागे सुरक्षित अंतर ठेवून, मागे टाकण्यास मग ७.८ आणि ७ सेकंद लागतात. समोरून ताशी ८० किलोमीटरने वाहन येत असेल, तर रस्ता मोकळा हवा तो साध्या मोटारीला सुमारे ३५० मीटर आणि टर्बोला ३२० मीटर. तीस मीटरांची ही बचत खरी आहे, आणि मोटारीत पाच माणसे व सामान असेल तर ती आणखी वाढते, कारण वस्तुमान वाढते त्याच प्रमाणात लागणारी ऊर्जाही वाढते. परंतु समोरच्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा अंदाज एका सेकंदाने जरी चुकला तरी ही सगळी बचत पुसली जाते, म्हणून शक्तीने सुरक्षितता वाढते हे विधान चालकाच्या संयमाची अट घालूनच खरे ठरते.

वेळेच्या बचतीचे गणित त्याहून उदासीन करणारे आहे. १४० किलोमीटरचा हा प्रवास ताशी ७० च्या सरासरीने १२० मिनिटांचा होतो. सरासरी ८० केली तर १५ मिनिटे वाचतात, ८० वरून ९० केल्यास आणखी १२, आणि ९० वरून १०० केल्यास फक्त ९ मिनिटे. प्रत्येक पुढच्या दहा किलोमीटरची किंमत इंधनात आणि जोखमीत वाढत जाते, तर मोबदला घटत जातो. अर्थशास्त्रात याला घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम म्हणतात, म्हणजे पुढच्या प्रत्येक एककातून मिळणारे समाधान आधीच्यापेक्षा कमी असते. शिवाय लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादमध्ये मोटार शिरली की दोन्ही इंजिने सारखीच खोळंबून राहतात.

थांबण्याच्या बाबतीत इंजिनाची शक्ती कोणतीच मदत करत नाही. कोरड्या डांबरावर ताशी १०० किलोमीटरवरून थांबायला, चालकाच्या प्रतिसादाचा दीड सेकंद धरून, सुमारे ९८ मीटर लागतात, तर १२० वरून १३१ मीटर. दरम्यान धडकेतील ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढलेली असते. ब्रेक, टायर आणि मोटार घसरताना एकेका चाकाला आवर घालणारी इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण यंत्रणा या गोष्टींवर केलेला खर्च मराठवाड्यातील प्रत्येक रस्त्यावर, प्रत्येक वेगाला उपयोगी पडतो, म्हणून निवडीच्या क्रमात त्यांचे स्थान इंजिनाच्या आधी असले पाहिजे.

रुपयांचा हिशेब

किमतीतील फरक तीन लाख रुपये आहे असे उदाहरणादाखल मानू. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील पेट्रोल मोटारीला एकरकमी मोटार वाहन कर दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के असतो. त्यामुळे तीन लाखांवर साधारण ३६ हजार रुपये कर वाढतो आणि महाग आवृत्ती वरच्या टप्प्यात गेली तर वाढीव दर संपूर्ण किमतीला लागतो. जून २०२४ मध्ये आलेल्या टाटा ‘अल्ट्रोझ रेसर’ची पहिली आवृत्ती ९ लाख ४९ हजारांना आणि दुसरी १० लाख ४९ हजारांना होती, आणि हा टप्पा नेमका त्या दोघींच्या मधून जात होता. वस्तू व सेवा कराचे तसे नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींना १८ आणि मोठ्यांना ४० टक्के दर असून तो लांबी व इंजिनाचे आकारमान पाहून ठरतो, अश्वशक्ती पाहून नाही. त्रयस्थ विम्याचा हप्ताही आकारमानावरच ठरतो. लहान इंजिनाला टर्बो जोडून शक्ती वाढवण्याकडे भारतातील कंपन्यांचा कल का आहे, याचे एक कारण या नियमांत सापडते.

करासह जास्तीचे ३ लाख ३६ हजार रुपये पाच वर्षांच्या ९ टक्के व्याजाच्या कर्जातून दिले, तर दरमहा सुमारे ६,९७५ रुपये आणि एकूण ४ लाख १८ हजार रुपये जातात. सात वर्षांनी मोटार विकताना या फरकातील ९० हजार रुपये परत मिळाले असे धरले, तरी निव्वळ खर्च ३ लाख २८ हजारांचा होतो. वर्षाला १२ हजार किलोमीटर प्रवास असेल तर प्रत्येक किलोमीटरमागे हा भार चार रुपयांच्या जवळ येतो. त्यातील वर्षाला पाच हजार किलोमीटरच मोकळ्या रस्त्यावर होत असतील, तर ज्या किलोमीटरवर ही शक्ती खरोखर वापरता येते त्या प्रत्येकामागे नऊ रुपयांहून अधिक पडतात. जास्तीची किंमत योग्य आहे का, हे ठरवण्याचे सर्वांत प्रामाणिक माप हेच आहे. औषध कंपनीचा प्रतिनिधी किंवा दर आठवड्याला पुण्याला जाणारा व्यावसायिक या मापाने वेगळ्या उत्तरावर पोहोचेल आणि शाळा, बाजार व वर्षातून दोन यात्रा एवढाच वापर असलेले कुटुंब वेगळ्या.

इंधनखर्चाबाबत घाईने निष्कर्ष काढू नये. प्रमाणित चाचणीत क्रेटाचे साधे इंजिन लिटरला १७.४ किलोमीटर देते आणि टर्बो इंजिन, दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरसह, १८.४. भारतीय चाचणीतील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि हलक्या भारावर लहान टर्बो इंजिने काटकसरीने चालतात, म्हणून हे घडते. परंतु ज्या शक्तीसाठी ते इंजिन घेतले ती वारंवार वापरली की हवेबरोबर इंधनही त्याच प्रमाणात ओतावे लागते आणि हा लाभ नाहीसा होतो. शक्ती आणि काटकसर ही दोन्ही आश्वासने खरी असली तरी ती एकाच वेळी पदरात पडत नाहीत.

या सर्व आकड्यांपलीकडे चालवण्याचा आनंद उरतो आणि त्याला हिशेबातून वगळणे शास्त्रीय ठरणार नाही, कारण माणूस मोटार केवळ पोहोचण्यासाठी घेत नाही. उत्तम यंत्राची साथ अनुभवण्याची इच्छा ही सन्मानाने मान्य करण्याजोगी गोष्ट आहे. मात्र त्या इच्छेचे मोल किती, हे खरेदीपूर्वी स्वतःला सांगता आले पाहिजे. त्यासाठी मे महिन्याच्या दुपारी, वातानुकूलन सुरू ठेवून, घरातील सर्व माणसांसह, आधी साधी मोटार आणि मग महाग मोटार नेहमीच्या रस्त्यावर चालवून पाहावी. भरलेली साधी मोटार गिअर खाली घेतल्यावरही ट्रकमागे अडकून पडत असेल तर टर्बोवरचा खर्च गरजेचा आहे. ती मोटार काम निभावत असेल आणि तरीही दुसरी हवीशी वाटत असेल, तर तो खर्च आनंदाचा आहे, आणि सुरक्षेच्या गोष्टी घेऊन झाल्यावर, कर्जाचा हप्ता घरखर्चाला न टोचता, तो परवडत असेल तर करण्यास हरकत नाही. दोन्ही उत्तरे योग्य असू शकतात. चूक होते ती आनंदाच्या खर्चाला गरजेचे नाव देऊन कर्ज काढले जाते तेव्हा.