जिन्याखालची खोली

परवा, 7 नोव्हेंबर 2025 ला, भारत स्काउट्स आणि गाईड्स या संस्थेला 75 वर्षं पूर्ण झाली. त्या निमित्तानं साताऱ्यातल्या एका शाळेत कार्यक्रम होता आणि जुना स्काउट मास्टर म्हणून शाल-श्रीफळासाठी मलाही बोलावलं होतं. मांडव, लेझीम, पाहुणे, सगळं यथासांग. पाहुण्यांनी ध्वजाची दोरी ओढली, ध्वज उघडेना. पुन्हा ओढली, गाठ आणखी आवळली. निळ्या कापडाची ती पुरचुंडी खांबाच्या टोकाला तशीच लटकत राहिली. खाली सलामीत उभ्या पोरांचे हात दुखायला लागले. शेवटी एका गुरुजींनी ध्वज खाली घेतला, दातानं गाठ सोडवली आणि उलगडलेलाच वर चढवला. आतल्या झेंडूच्या पाकळ्या एका गोळ्यात पाहुण्यांच्या बुटावर पडल्या. टाळ्या झाल्या.

मी पहिल्या रांगेत. शालीखाली माझी बोटं आपोआप ती गाठ मारत होती. झटक्यासरशी सुटणारी गाठ असते ती, दहा वर्षांच्या पोराला पाच मिनिटांत येते. पण ती पाच मिनिटं द्यायला कोणीतरी मोठं माणूस लागतं.

इतिहास भाषणांत होऊन गेला, म्हणून इथे उरकून टाकतो. 1907 च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर 20 मुलांचं शिबिर घेतलं. 1909 मध्ये ही चळवळ हिंदुस्थानात आली ती गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन पोरांपुरती. देशी मुलांना दार बंद, म्हणून अ‍ॅनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी आपापल्या संघटना काढल्या. स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये सगळे एका झेंड्याखाली आले, पुढच्या वर्षी गर्ल गाईड्सही. वक्त्यांनी यातली अर्धी सालं चुकवली, जाऊ दे. मला बोलायचंय ते 1991 ते 2001 या दहा वर्षांबद्दल, कारण तेवढीच मी स्वतः निस्तरलेली आहेत.

मी पथकात आलो तो मुलामुळे. बहुतेक सगळे असेच येतात. मुलाला सोडायला जावं, कट्ट्यावर बसावं, जुन्या सरांनी म्हणावं, ‘बसलाच आहात तर जरा या दोऱ्या गुंडाळा.’ सहा महिन्यांनी दोऱ्या गुंडाळणारा सहायक स्काउट मास्टर झालेला असतो आणि वर्षभरात सरांची तब्येत बिघडून पथकच गळ्यात. मी तेव्हा बँकेत कारकून. शनिवारी बँक अर्धा दिवस, म्हणून पथकाची सभा शनिवारी चारला. प्रशिक्षणाच्या शिबिराला आठवडा लागायचा, तो हक्काच्या रजेतून. बढती आली की बदली आलीच, म्हणून दोनदा बढती नाकारली. त्यात पथकाचा वाटा किती आणि माझ्या आळसाचा किती, हे आमच्या घरात आजही ठरलेलं नाही.

आमचं पथक खुलं, म्हणजे कुठल्याच शाळेचं नव्हे. आपल्याकडे स्काउटिंग बहुतेक शाळांच्या आधारानं चालतं. शाळा मैदान देते, शिक्षक देते, नोंदणीची फी भरते. खुल्या पथकाला यातलं काहीच नाही. ओळखीनं एका शाळेचं मैदान मिळालं आणि जिन्याखाली एक खोली. खोली कसली, बोळकांडीच. तिथे दोन कॅनव्हासचे तंबू, चोवीस काठ्या, काथ्याचे आणि सुती दोर, दोन डेगा, एक पेट्रोमॅक्स आणि प्रथमोपचाराची पेटी, जिच्यातलं आयोडीन नेहमी सांडलेलं असायचं.

पथक चालवणं म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं की लोकांना वाटतं मी शेकोटी, गड, ध्येय यांवर बोलेन. मी किल्लीवर बोलतो. त्या खोलीची किल्ली शिपायाकडे. शिपाई शनिवारी दुपारी कोरेगावच्या गाडीत. मग मी सायकलवर त्याच्या मेहुण्याकडे, तिथून हेडमास्तरांच्या घरी, हेडमास्तर वामकुक्षीत. पोरं मैदानावर तासभर शिट्ट्या वाजवत. दुसरी किल्ली मागितली तर उत्तर आलं, लेखी अर्ज करा. अर्ज केला, संस्थेच्या बैठकीत ठेवू म्हणाले. दहा वर्षांत दोन हेडमास्तर बदलले आणि प्रत्येकाला मी नव्यानं पटवून दिलं की मी पोरांकडून पैसे घेत नाही, कुठल्या पक्षाचा नाही आणि निवडणुकीला उभा राहणार नाही. यातलं तिसरं कोणालाच खरं वाटलं नाही.

आणि ते तंबू! पावसाळ्यात साताऱ्याच्या ओलीनं त्यांना बुरशी यायची, उंदीर कोपरे कुरतडायचे. ऑक्टोबरचं ऊन पडलं की मैदानावर पसरून वाळवायचे, मेणकापडाची ठिगळं लावायची. हे काम वहीत कुठे लिहायला जागा नव्हती. जिल्ह्याच्या कार्यालयाला अहवाल लागायचा तो तीन प्रतींत, किती मुलं कुठल्या सोपानात, किती बिल्ले. तंबू कोणी वाळवले, असा रकाना नव्हता.

1993 ची अनंत चतुर्दशी. विसर्जन मिरवणुकीत पोरं गर्दीला वाट करून देण्याच्या सेवेवर होती. रात्री उशिरापर्यंत गळ्यात स्काउटचा स्कार्फ, हातात काठ्या आडव्या, पाय गुलालानं माखलेले. शेवटच्या पोराला घरी सोडून मी झोपलो आणि सकाळी रेडिओवर किल्लारीचा भूकंप. आम्ही सातारकर हादऱ्यांना सरावलेले, कोयनेनं 1967 पासून सवय लावलेली, पण ही बातमी ऐकून हातातला चहा तसाच राहिला. दुपारी तीच पोरं, डोळे तारवटलेले, कोणीही न बोलावता मैदानावर हजर. ‘सर, आपण काय करायचं?’ चार दिवस घरोघर फिरून कपडे, चादरी, भांडी गोळा केली, निवडली, गाठोडी बांधून मदतीच्या ट्रकमध्ये चढवली. लोक काय काय देतात ते तेव्हा कळलं. एका घरातून फाटकी जरीची साडी आणि एकच चप्पल आली. संघनायक असलेल्या तेरा वर्षांच्या पोरानं ती चप्पल परत नेऊन दिली, ‘काकू, दुसरी सापडली की दोन्ही एकदम द्या.’ मी त्याला हे शिकवलेलं नव्हतं.

मुलांचा प्रश्न कधी नव्हताच. प्रश्न मोठ्यांचा होता, आणि इथे मला काही जुने हिशेब मांडायचे आहेत.

‘खरी कमाई’ हा आमचा नेहमीचा उपक्रम. मुलांनी अंगमेहनतीचं काम करून पैसे मिळवायचे आणि ते पथकाच्या निधीत घालायचे. आमची पोरं सायकली धुवायची, वाण्याकडे पुड्या बांधायची, एसटी स्टँडवर बूट पॉलिश करायची. एका शनिवारी एक वडील स्कूटरवरून आले आणि शंभराची नोट पुढे केली. ‘हे घ्या, पण आमच्या मुलाला तिथे बसवू नका. ओळखीचे लोक बघतात.’ मी नोट परत केली आणि वर दोन शब्द जास्त बोललो. पुढच्या शनिवारी तो मुलगा आला नाही, नंतर कधीच नाही. पॉलिश सगळ्यांत चांगलं तोच करायचा. दोन शब्द कमी बोललो असतो तर, हा विचार आजही येतो. पण ती नोट परत केल्याचं दुःख नाही.

दुसरा हिशेब दुसऱ्या मोठ्या माणसाचा. शिबिराला किमान दोन मोठी माणसं हवीत. नियम सोडा, साधी अक्कल तेच सांगते. माझ्याबरोबर कागदावर तिघे सहायक होते. 1995 च्या डिसेंबरात कासला तीन रात्रींचं शिबिर ठरलं. एकाच्या कचेरीत ऑडिट निघालं, दुसऱ्याच्या मेहुणीचं लग्न अचानक ठरलं, तिसऱ्यानं कारणही दिलं नाही. मी चोवीस पोरं आणि कॉलेजात शिकणारा आमचाच एक माजी स्काउट यांना घेऊन निघालो. तंबू एसटीच्या टपावर. लगेजचं तिकीट किती, यावर कंडक्टरशी अर्धा तास वाद. प्रत्येक पोरानं घरच्या रेशनमधून एकेक बाटली रॉकेल आणलं होतं, आणि अर्ध्या आयांनी ते रडतखडत दिलं होतं.

दुसऱ्या रात्री मोर संघातला एक पोरगा पोट धरून गडबडा लोळायला लागला. रात्रीचे अकरा, सातारा पंचवीसेक किलोमीटर, थंडी अशी की तंबूचं कापड कडक झालेलं. अपेंडिक्स असेल तर? तेवीस पोरांना त्या एकोणीस वर्षांच्या मुलावर सोपवलं, आजाऱ्याला पाठुंगळीला मारलं आणि बॅटरीच्या उजेडात वस्तीकडे निघालो. एका भल्या माणसानं दुधाची जीप काढली. घाट उतरताना पोरगा माझ्या मांडीवर झोपला आणि माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबलं, प्रश्न विचारले आणि निदान केलं: कच्चे आवळे आणि अर्धवट शिजलेला भात. आवळे त्यानं पैज लावून खाल्ले होते. भात मात्र माझ्या देखरेखीखाली शिजला होता.

सकाळी वडील आले. मुलगा पलंगावर बसून बिस्कीट खात होता. माझ्याकडे बघून म्हणाले, ‘साहेब, तुम्हाला कोणी सांगितलंय हो हे उद्योग करायला?’

उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. त्या प्रश्नात राग होता तसा निव्वळ अचंबाही होता. पगार नाही, पद नाही, आणि हा माणूस रजा टाकून दुसऱ्याची पोरं घेऊन डोंगरात जातो, म्हणजे याचं काहीतरी असणार.

आज तीस वर्षांनी सांगतो, ते वडील चुकले नव्हते. एकटा मोठा माणूस चोवीस पोरांना घेऊन जातो, हे करायला नको होतं. शिबिर रद्द करायला हवं होतं. आमच्या काळच्या असल्या गोष्टी आम्ही धाडस म्हणून सांगतो, त्यांतली निम्मी निष्काळजीच होती, नशिबानं निभावली. 2016 मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयातली 14 मुलं बुडाली आणि त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले. बालकांच्या संरक्षणाचा पॉक्सो कायदा 2012 चा. मुलांबरोबर काम करणाऱ्यांकडे समाज आता बारीक नजरेनं बघतो, आणि बघायलाच हवं. माझी तक्रार एवढीच की कागद वाढले त्या प्रमाणात माणसं वाढली नाहीत. पालकांचं संमतिपत्र मिळतं, पालक मिळत नाही.

आमचं पथक 2001 मध्ये बंद पडलं. बँकांत स्वेच्छानिवृत्ती येऊन गेली होती, निम्मं काउंटर रिकामं, उरलेल्यांना शनिवारी चारला सुटका नाही. माझा मुलगा केव्हाच पथकातून बाहेर पडलेला. ओळीनं सहा शनिवार चुकले आणि सातव्याला मैदानावर चारच पोरं उरली. पण खरं कारण याच्याही आधीचं. दहा वर्षांत मी चाळीसेक पोरांना नेतृत्वाचे धडे दिले आणि माझ्या जागी बसेल असं एकही मोठं माणूस तयार केलं नाही. सगळं मीच करायचो, किल्ली मीच आणायचो. ‘यांना नाही जमणार’ हे माझं पेटंट वाक्य होतं. कोणी मदतीला आलं तर त्यांनी गुंडाळलेली दोरी मी पुन्हा उलगडून गुंडाळायचो. मेहुणीचं लग्न काढणाऱ्याचीही काही बाजू असेल, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

तंबू एका मांडववाल्यानं नेले. काठ्यांचं काय झालं, ठाऊक नाही. कासचं पठार 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. आता फुलांच्या दिवसांत तिकीट काढून, ठरल्या वेळेत फिरून यायचं. जिन्याखालच्या खोलीत शाळेचे जुने संगणक रचून ठेवलेत. त्या खोलीला कुलूप नाही, हे मी परवा मुद्दाम बघून आलो.

राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार मिळवणाऱ्यांना दहावीला वाढीव गुण असतात, त्यामुळे आठवीतल्या मुलांच्या आया चौकशीला येतात, असं कार्यक्रमात शेजारी बसलेल्या बाईंनी सांगितलं. बाई कार्यक्रम झाला त्याच शाळेच्या गाईड कॅप्टन. कॅप्टन म्हणजे नेमणुकीच्या कागदावर. त्यांच्याकडेच पोषण आहाराची वही, मतदार यादीचं काम, सातवीचा वर्ग आणि रस्ता सुरक्षा पथकही. शिक्षकांना निवडणूक, जनगणना, आपत्ती सोडून इतर अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं शिक्षण हक्क कायदा म्हणतो. तो वाचायलाही बाईंना वेळ नसावा. स्वयंसेवक हा शब्द त्यांना कसा लावायचा? त्यांनी स्वतःहून काही मागितलेलंच नाही.

पण टाळ्या चालू असताना त्या हळूच माझ्याकडे झुकल्या. ‘सर, ती ध्वजाची गाठ कशी मारायची? मला कोणी दाखवलीच नाही.’ मी शालीची कड घेऊन दाखवली. दुसऱ्या वेळी त्यांना जमली.

येत्या शनिवारपासून चार वाजता मी त्यांच्या शाळेत जाणार आहे. माझं वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरतात, शिट्टी मात्र शाबूत आहे. किल्ली कोणाकडे असते ते विचारून ठेवलंय. मुलं-मुली मिळून तिसेक आहेत, म्हणजे बाई आणि मी सोडून आणखी निदान दोन मोठी माणसं लागतील. गाठी येत नसल्या तरी चालेल, दोऱ्या गुंडाळता आल्या तरी पुरे, आणि मी त्या पुन्हा उलगडणार नाही. सातारकर वाचकांपैकी कोणाचा शनिवार मोकळा असेल तर यावं. घरात लग्न निघालं तर फक्त आदल्या दिवशी कळवावं.