परस्पर पाठवणी : भांडवल कमी, जबाबदारी पूर्ण

सूस गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. पण त्याच्या कितीतरी आधी सूस खिंड ओलांडून उंच इमारतींची रांग गावाच्या शिवारात पोहोचली होती. आमच्या सोसायटीच्या प्रवेशद्वाराशी रोज सायंकाळी पार्सलांचा ढीग लागतो. शहराच्या पेठांमध्ये ज्यांची दुकाने आहेत, त्यांच्याच घरी आलेली पार्सलेही त्या ढिगात असतात. आपले गिऱ्हाईक कोठे गेले, या प्रश्नाचे उत्तर आपल्याच दाराशी येऊन पडलेले आहे.

दीड वर्षापूर्वी शेजारचा एक तरुण एक हिशेबाचा कागद घेऊन माझ्याकडे आला. रविवार पेठेत त्यांची चादरी, टॉवेल आणि बेडशीटची तीन पिढ्यांची पेढी आहे. तो म्हणाला, "काका, मला ऑनलाइन विक्री वाढवायची आहे; पण पप्पा नवा माल भरायला तयार नाहीत. ड्रॉपशिपिंग करू का?" त्याचे वडील दुसऱ्या दिवशी आले. त्यांचा प्रश्न वेगळा होता. "जो माल मी हातात धरला नाही, तो माझ्या नावाने कसा विकू?" आयुष्यभर कर्जप्रकरणे तपासलेल्या माणसाला हे दोन्ही प्रश्न सारखेच रास्त वाटले. त्या दोघांबरोबर केलेला विचार येथे मांडत आहे.

पद्धत नवी, तत्त्व जुने

ड्रॉपशिपिंग म्हणजे परस्पर पाठवणी. गिऱ्हाईक आपल्या संकेतस्थळावर मागणी नोंदवते आणि पैसे आपल्याला देते. आपण ती मागणी उत्पादकाला किंवा घाऊक व्यापाऱ्याला कळवतो आणि तो माल थेट गिऱ्हाइकाच्या घरी रवाना करतो. आपल्या गोदामात माल येतच नाही. विक्रीची किंमत आणि खरेदीची किंमत यांतील फरकातून खर्च वजा जाता जे उरते, तो आपला नफा.

आपल्या समाजाला यात अनोळखी काही नाही. "माल परस्पर पाठवून द्या" हे वाक्य प्रत्येक पेढीवर शतकभर ऐकू आले आहे. अडतीच्या व्यवहारात तर दोन स्पष्ट प्रकार होते. कच्चा अडत्या केवळ दोन पक्षांची गाठ घालून देई आणि अडत घेई. पक्का अडत्या मात्र दोन्ही पक्षांना स्वतः बांधील राही. समोरचा फिरला तरी त्याची जबाबदारी सुटत नसे. मुंबईच्या बाजारातील ही रूढी न्यायालयांनीही मान्य केली होती. परस्पर पाठवणी करणारा दुकानदार हा पक्का अडत्या आहे. गिऱ्हाइकाच्या हातात पडणारे बिल त्याच्या नावाचे असते. तरुण मंडळींची गल्लत येथेच होते. कष्ट कच्च्या अडत्याचे आहेत असे समजून ते पक्क्या अडत्याची जबाबदारी अंगावर घेतात.

लाभ कोठे आहे

कापडाच्या दुकानात पैसा फडताळावर बसलेला असतो. दहा रंगांची बेडशीट भरली, तर सहा रंग खपतात आणि चार रंग पुढच्या दिवाळीपर्यंत धूळ खातात. बँक मालतारणावर कॅश क्रेडिट देते, तेव्हा मालाच्या किमतीतून बहुधा पाव हिस्सा मार्जिन म्हणून कापते आणि पडून राहिलेला जुना माल हिशेबातच धरत नाही. व्याज मात्र चालू राहते. परस्पर पाठवणीत या अडकलेल्या पैशातून सुटका होते.

माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत चांगला उपयोग नवा धंदा उभारण्यासाठी नाही. चालत्या दुकानाची कक्षा वाढवण्यासाठी आहे. जो माल आपण रोज विकतो, तो स्वतःच्या गोदामातूनच पाठवावा. त्याला पूरक असा माल, उदाहरणार्थ चादरींच्या दुकानात पडदे, गालिचे किंवा लहान मुलांच्या रजया, परस्पर पाठवणीने विकून पाहावा. तीन महिन्यांत जो खपला, तो घाऊक भावाने भरावा आणि जो खपला नाही, तो संकेतस्थळावरून काढून टाकावा. बाजाराची परीक्षा दुसऱ्याच्या मालावर होते आणि आपले भांडवल सुरक्षित राहते.

तथापि भांडवल शून्य लागते हा भ्रम आहे. मोठ्या बाजारमंचाकडून विक्रीचे पैसे काही दिवसांनी मिळतात आणि 'माल पोहोचल्यावर रोख' या व्यवहारातील रक्कमही कुरियरकडून उशिरा येते. पुरवठादाराला मात्र पैसे आधी हवे असतात. मधल्या दिवसांची तजवीज आपल्यालाच करावी लागते.

कागदावरचा हिशेब

त्या तरुणाने आणलेल्या कागदावर एका संचाचा हिशेब होता. कर बाजूला ठेवून तो सोप्या आकड्यांत मांडतो. विक्री ८०० रुपये. पुरवठादाराचे ५२०, कुरियरचे ७०, जाहिरातीचे ९० आणि पैसे स्वीकारण्याचे शुल्क २०. शिल्लक १०० रुपये. शंभर मागण्यांवर दहा हजार रुपये नफा, असे त्याचे गणित.

मी विचारले, "परत किती येतील?" कागदावर तो रकानाच नव्हता. समजा, शंभरातले पंधरा संच परत आले. पंच्याऐंशी संचांवर ८,५०० रुपये मिळाले. परत आलेल्या प्रत्येक संचावर जाण्याचे ७०, येण्याचे ६० आणि जाहिरातीचे ९० असे २२० रुपये वाया गेले. पंधरांचे ३,३०० झाले. नफा उरला ५,२०० रुपये. आता पुरवठादाराने परत आलेला माल घेण्यास नकार दिला, तर पंधरा संचांचे ७,८०० रुपये आणखी अंगावर आले. ५,२०० च्या नफ्याचा २,६०० चा तोटा झाला.

विक्री तीच, भाव तोच, मेहनतही तीच. नफा आणि तोटा यांच्यामध्ये केवळ एक कलम उभे आहे : परत आलेला माल पुरवठादार स्वीकारेल की नाही. म्हणून पहिली मागणी घेण्यापूर्वी पुरवठादाराशी लेखी करार हवा. परतीचा माल, सदोष नग, पाठवणीस लागणारे दिवस, साठ्याची रोजची माहिती आणि पाकिटावर कोणाचे नाव असेल, या पाच गोष्टी त्यात स्पष्ट असाव्यात.

कायद्याची चौकट

जीएसटीमध्ये या व्यवहाराला मान्यताप्राप्त स्थान आहे. बिल एकाच्या नावे आणि पाठवणी दुसऱ्याच्या पत्त्यावर, अशी तरतूद एकात्मिक जीएसटी कायद्याच्या दहाव्या कलमात आहे. सुरतच्या पुरवठादाराने पुण्याच्या दुकानदाराच्या सांगण्यावरून नागपूरला माल पाठवला, तर कागदोपत्री दोन स्वतंत्र विक्री होतात. पहिल्या बिलात आयजीएसटी लागतो. दुसरे बिल पुण्याहून नागपूरचे, म्हणून त्यात केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी लागतो. दोन्ही बिले वेळच्या वेळी झाली नाहीत, तर इनपुट क्रेडिट अडकते.

महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्यास ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे. पण करपात्र माल बेळगावच्या गिऱ्हाइकाला विकला की तो आंतरराज्य व्यवहार होतो आणि सर्वसाधारणपणे नोंदणी सक्तीची ठरते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला अशी आंतरराज्य विक्री करता येत नाही. बाजारमंचावरून विक्री केल्यास मंच जीएसटीपोटी अर्धा टक्का आणि ठरावीक मर्यादेनंतर आयकरापोटी ०.१ टक्का कापून घेतो. तो विवरणपत्रात मागून घ्यावा लागतो.

ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० साली आले. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावे लागते. सदोष माल परत घेण्यास नकार देता येत नाही. आयात मालाचा उगमदेश सांगावा लागतो. "माल दुसऱ्याने पाठवला" हे उत्तर गिऱ्हाइकापुढे चालत नाही. खाद्यपदार्थ विकायचे असतील, तर एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना वेगळा लागतो.

नावाचा प्रश्न

त्या तरुणाने सुरुवात केली. पडदे बरे चालले. मग दिवाळीच्या सुमारास त्याने खाखऱ्याचे भेटसंचही परस्पर पाठवणीने विकायला घेतले. पुरवठादाराने 'जैन' असे लिहून दिले होते. एके दिवशी एका वयोवृद्ध श्राविकेचा फोन आला. पाकिटामागच्या घटकांच्या बारीक यादीत लसणाची पूड होती आणि ती वाचण्यापूर्वी त्यांनी एक खाखरा खाल्ला होता. पुरवठादाराने शांतपणे सांगितले की, पाकिटे बदलली गेली, पैसे परत करू.

मुलाने त्याच दिवशी पैसे परत केले. वडील मात्र स्वतः त्यांच्या घरी गेले, हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणाले आणि परत आल्यावर मुलाला एवढेच सांगितले की, त्या बाईंनी पुरवठादाराचे नावही विचारले नाही. त्यांना आपलेच नाव ठाऊक होते.

ज्या गोष्टीची भरपाई पैशाने होत नाही, तिची हमी न पाहता देऊ नये. हा नियम मोठ्या कंपन्यांनाही किंमत मोजून शिकावा लागला. १९९९ साली सुरू झालेल्या झॅपोस या अमेरिकन कंपनीने पादत्राणांची ऑनलाइन विक्री परस्पर पाठवणीनेच आरंभली. पुरवठादारांकडील साठ्याची माहिती चुकीची निघे, माल वेळेवर पोहोचत नसे. २००३ साली विक्रीचा सुमारे चौथा हिस्सा या मार्गाने येत असतानाही कंपनीने तो बंद केला आणि सर्व माल स्वतःच्या गोदामातून पाठवायला सुरुवात केली. २००९ साली ॲमेझॉनने ही कंपनी विकत घेतली. चामड्याचा धंदा आपला नव्हे. पण धडा आपला आहे.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये प्रतिरूपक व्यवहार सांगितला आहे, म्हणजे असलीच्या नावाने नकली देणे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन असूनही परप्रांतातील चादरी त्याच नावाने खपवल्या जातात, ही तेथील उत्पादकांची जुनी तक्रार आहे. छायाचित्र पाहून माल विकणारा दुकानदार नकळत या दोषाचा भागीदार होऊ शकतो. तसेच पुरवठादारांच्या याद्यांत हजारो वस्तू असतात. त्यांत चामडे असते, विषारी कीटकनाशके असतात. श्रावकाने कोणते व्यापार टाळावेत, हे कर्मादानाच्या विवेचनात शतकांपूर्वी सांगितले गेले. माल गोदामात आला नाही म्हणून तो व्यापार आपला नव्हता, असे म्हणता येणार नाही.

आज

आज त्या पेढीचे चार नियम ठरले आहेत. प्रत्येक वस्तूचा नमुना आधी स्वतःच्या पत्त्यावर मागवायचा. प्रत्येक प्रकारच्या मालासाठी दोनपेक्षा अधिक पुरवठादार ठेवायचे नाहीत. महिन्यातून एकदा परतीचा हिशेब बाप-लेकांनी एकत्र बसून पाहायचा. आणि खाद्यपदार्थ परस्पर पाठवायचे नाहीत. खाखरे विकायचेच असतील, तर आधी दुकानात आणून, यादी वाचून, मग पाठवायचे.

परवा सायंकाळी प्रवेशद्वाराशी तो तरुण भेटला. हातात एक पार्सल होते, नाव त्याचेच, दुकानही त्याचेच. नव्या पुरवठादाराकडून मागवलेला पडद्याचा नमुना होता. वडिलांना दाखवायला तो पेठेत निघाला होता.