फ्लूनंतर डोळे वळेनासे होतात तेव्हा

फ्लू ओसरल्यावर ८-१० दिवसांनी रुग्णास एकाऐवजी दोन वस्तू दिसू लागतात, बुबुळे वळेनाशी होतात, चालताना तोल जातो. आप्तांना अर्धांगवायूची धास्ती वाटते. हा विकार कॅनडाच्या डॉ. मिलर फिशर यांनी १९५६ साली वर्णिला. संसर्गाविरुद्ध निर्माण झालेली प्रतिपिंडे नेत्रचालक मज्जातंतूंतील जीक्यू१बी या घटकावरच हल्ला करतात. वाणिज्य शाखेच्या माझ्यासारख्यास ही भलत्याच खात्यावर पडलेली नोंद वाटते! बहुतेक रुग्ण काही महिन्यांत बरे होतात, पुष्कळदा औषधाविनाही. मात्र काहींच्या श्वसनाचे स्नायू दुर्बल होतात. म्हणून आरंभीचे दिवस रुग्णालयात देखरेखीखाली राहणे अगत्याचे. अशांना इम्युनोग्लोब्युलिन देतात. त्याची मात्रा प्रतिकिलो वजनास एकूण २ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या रुग्णास १२० ग्रॅम. हे देयक सामान्य कुटुंबास पेलत नाही. रुग्णसाहाय्य निधी खर्ची पडतो तो येथे.