दहा कोटी वर्षं आणि शंभर दिवस

रायगड-राजगड ज्या काळ्या पाषाणावर उभे आहेत, तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. जांभळ्या बेडकाचं घराणं तेव्हाही जुनंच होतं. इतर बेडकांपासून ते फुटून निघालं, त्याला १० कोटींहून अधिक वर्षं झाली. त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक आज सेशेल्स बेटांवर राहतात. मधे जवळपास ३,००० किलोमीटर समुद्र! बेडूक पोहत गेले नाहीत, त्यांच्या पायाखालची जमीनच दुभंगून दूर गेली.

केरळच्या सह्याद्रीतल्या या बेडकाला शास्त्रीय नाव मिळालं थेट २००३ साली, एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसाइट यांच्याकडून. त्याचे बेडूकमासे मात्र विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच नोंदले गेले होते. म्हणजे ऐंशीहून अधिक वर्षं पिल्लं माहीत आणि आईबाप बेपत्ता. सापडणार तरी कसे? जेमतेम सात सेंटिमीटरचा हा जीव पावणेचार मीटरपर्यंत खोल जातो, स्वतःच्या लांबीच्या पन्नासपट! साडेपाच फुटी माणसाला त्या हिशेबाने पावणेतीनशे फूट खाली राहावं लागेल. वाळवी खायलाही त्याला वर यावं लागत नाही. पावसाच्या तोंडावर विणीसाठी तो बाहेर पडतो, वर्षाकाठी साधारण दोन आठवडे. सव्वीस दिवसांतले पंचवीस दिवस मातीखालीच.

मादी पाठीवरच्या चिमुकल्या नराला घेऊन ओढ्यावर येते आणि एका रात्रीत तीन हजारांहून जास्त अंडी घालते. पिल्लं तोंडाच्या चूषकाने खडकाला चिकटून धबाबा वाहत्या पाण्यात सुमारे १०० दिवस काढतात. सगळा धोका इथेच एकवटतो. ती झुंडीने एकाच खडकावर असतात, त्यामुळे खाण्यासाठी सहज गोळा केली जातात. वर बंधारा बांधला, तर प्रवाहच मंदावतो.

म्हणून नुसतं जंगल राखून भागणार नाही, असं मला ठामपणे वाटतं. त्या १०० दिवसांत ओढा मोकळा वाहिला पाहिजे, आणि ही राखण ओढ्याकाठच्या आदिवासींना सोबत घेऊनच होईल. पिल्लं कुठे सापडतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? २०१७ मध्ये तमिळनाडूच्या बाजूच्या उतारावरून याच कुळातली दुसरी जात नोंदली गेली. तिची वीण ईशान्य मोसमी पावसावर होते, म्हणजे तिच्या ओढ्यांच्या राखणीचं वेळापत्रकही वेगळं ठेवावं लागेल.